फोन हातात धरल्यावर शरीरात काय काय घडतं? हाडं, सांधे आणि स्नायूंचं काम सोप्या भाषेत

एरवी आपण इथे प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा सेन्सर अशा गोष्टी उघडून बघतो. आज मी जे मशीन उघडणार आहे ते जन्मापासून तुमच्याकडे आहे. त्याला वॉरंटी नाही, एक्स्चेंज ऑफर नाही आणि नवीन मॉडेलही येणार नाही. हे मशीन म्हणजे आपलं शरीर, आणि त्यातही त्याला उभं ठेवणारा आणि हलवणारा भाग: हाडं, सांधे आणि स्नायू.

आत्ता हा लेख तुम्ही कसा वाचताय ते बघा. बहुतेक एका हातात फोन, अंगठा स्क्रीनवर आणि मान थोडी खाली. दिसायला तुम्ही काहीच करत नाही आहात. पण एवढ्यासाठी हाताची २७ हाडं, मानेचे ७ मणके आणि कितीतरी स्नायू न थांबता काम करतायत. ते कसं, हे एकदा कळलं की "मान का दुखते?", "अंगठा का भरून येतो?" या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. चला तर मग, सुरू करूया.

सांगाडा: शरीराची चौकट

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. नवजात बाळात मात्र साधारण २७० ते ३०० असतात. मग बाकीची जातात कुठे? कुठेच नाही. वाढत्या वयात अनेक छोटी हाडं एकमेकांना जुळून एक होतात. बाळाच्या डोक्यावर टाळू मऊ लागते ना, तिथे कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात.

या २०६ पैकी १०६ हाडं फक्त दोन हातांच्या पंजांत आणि दोन पावलांत आहेत. म्हणजे अर्ध्याहून जास्त! प्रत्येक हातात २७ आणि प्रत्येक पावलात २६. कारण सोपं आहे. जिथे बारीक, वेगवेगळ्या दिशांना होणारी हालचाल हवी तिथे तुकडे जास्त लागतात. मांडीत असं काही नको असतं, तिथे वजन पेलायचं असतं, म्हणून तिथे एकच लांब आणि दणकट हाड आहे. ते शरीरातलं सगळ्यात लांब हाड. सगळ्यात छोटं हाड कानात असतं, जेमतेम ३ मिलिमीटरचं.

सांगाड्याची कामं थोडक्यात अशी:

- शरीराला आकार आणि आधार देणं.
- नाजूक अवयवांचं रक्षण. मेंदूला कवटीचं, हृदय-फुफ्फुसांना बरगड्यांचं आणि मज्जारज्जूला मणक्यांचं कवच असतं.
- स्नायूंना ओढण्यासाठी पक्की जागा देणं.
- कॅल्शियम साठवणं. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं.
- रक्त तयार करणं. हाडांच्या आतल्या मज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात.

शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा आठवतोय? तो कधीच स्वतःच्या पायावर उभा नसतो. हुकाला टांगलेला असतो आणि हाडं तारांनी जोडलेली असतात. हुक काढला तर सगळा ढीग खाली येईल. याचा अर्थ, नुसती हाडं आपल्याला उभं ठेवत नाहीत. मांडवाचे बांबू जसे दोऱ्यांनी ताणून बांधले तरच उभे राहतात, तसं आपल्या हाडांना स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध सगळीकडून ताणून धरतात.

इथे दोन शब्द नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ते येत राहतील. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा, म्हणजे टेंडन. टाचेच्या मागे हाताला लागते ती जाड दोरी ही शरीरातली सगळ्यात मजबूत कंडरा.

हाड म्हणजे दगड नव्हे

हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी कोरडं, पांढरं, निर्जीव येतं. खरं हाड तसं नसतं. त्याला रक्तपुरवठा असतो, मज्जातंतू असतात आणि त्यात सतत दुरुस्तीचं काम चालू असतं.

हाडाची रचना बांधकामाच्या भाषेत समजून घेऊ. स्लॅब टाकताना आधी लोखंडी सळ्या बांधतात आणि मग त्यावर काँक्रीट ओततात. काँक्रीट दाब सहन करतं आणि सळ्या ताण सहन करतात. हाडातही तेच आहे. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे हे सळ्यांचं काम करतात आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक स्फटिक हे काँक्रीटचं. म्हणून हाड कडकही असतं आणि थोडं लवचिकही.

आता गंमत बघा. हाडात दोन प्रकारच्या पेशींची टीम असते. एक टीम जुनं हाड विरघळवून काढून टाकते, दुसरी त्या जागी नवीन भरते. मोठ्या माणसात दरवर्षी सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग असा बदलला जातो. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं तुमचं हाड आणि आजचं हाड नावाला तेच आहे, माल बराचसा नवा आहे.

नवीन माल कुठे जास्त टाकायचा हे कसं ठरतं? भारावरून. जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे मांडलं, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना बदलत जाते. टेनिस खेळाडूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळात वजनच जाणवत नाही, त्यामुळे अंतराळवीरांच्या कमरेच्या भागातली हाडं महिन्याला १ ते दीड टक्क्याने विरळ होतात. म्हणून अंतराळ स्थानकावर त्यांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो.

थोडक्यात, हाड वापरलं नाही तर शरीर ते राखत नाही. हा मुद्दा आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

सांधे: हालचाल कुठे आणि किती?

दोन हाडं जिथे भेटतात तो सांधा. प्रत्येक सांध्याची हालचाल त्याच्या आकारावर ठरते:

- उखळीचा सांधा: खांदा आणि खुबा. एका हाडाचा गोल गोळा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो. सगळ्या दिशांना फिरतो.
- बिजागरीचा सांधा: कोपर आणि गुडघा. दारासारखा मुख्यतः एकाच दिशेत उघडतो-मिटतो.
- खुंटीचा सांधा: मानेचे वरचे दोन मणके. जात्याच्या खुंट्याभोवती पाळं फिरावं तसा पहिला मणका दुसऱ्याभोवती फिरतो.
- खोगिरासारखा सांधा: अंगठ्याच्या मुळाशी. याच्यामुळेच अंगठा प्रत्येक बोटाला टेकवता येतो.

मानेची एक गोष्ट मला फार आवडते. आपण "हो" म्हणून मान हलवतो तेव्हा ती हालचाल मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांच्यात होते. "नाही" म्हणून मान हलवतो तेव्हा ती पहिला आणि दुसरा मणका यांच्यात होते. म्हणजे आपल्या मानेत "हो"चा सांधा वेगळा आणि "नाही"चा वेगळा!

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये वंगणासारखा द्रव. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिला पोषण या द्रवातून मिळतं आणि तो द्रव आत-बाहेर खेळतो हालचालीमुळे. म्हणून "जास्त हलवलं तर सांधे झिजतात, त्यापेक्षा बसून राहा" हा सल्ला निरोगी माणसासाठी उलटा आहे. सांध्याला हालचाल हवीच असते.

मणक्यांमधल्या गाद्यांचंही असंच आहे. दिवसभर उभं-बसून राहिल्याने त्यांतलं पाणी दाबलं जातं आणि रात्री आडवं झाल्यावर पुन्हा भरतं. म्हणून आपली उंची सकाळपेक्षा संध्याकाळी साधारण एक सेंटिमीटर कमी भरते. विश्वास नसेल तर भिंतीवर पेन्सिलीने खूण करून मोजून बघा.

स्नायू: फक्त ओढतात, ढकलत नाहीत

शरीरात ६०० हून जास्त स्नायू हाडांना जोडलेले आहेत. मोठ्या माणसाच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश भाग हेच असतात. याशिवाय पोट-आतड्यांचे स्नायू वेगळे, जे आपल्या इच्छेवर चालत नाहीत, आणि हृदयाचा स्नायू तर पूर्णच वेगळा. तो दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि सुट्टी घेत नाही.

हाडांच्या स्नायूंबद्दल एकच नियम पाठ करा: स्नायू फक्त ओढू शकतो. दोरीने बादली ओढता येते, पण दोरीने बादली ढकलता येत नाही. तसंच हे. मग हात वाकवून पुन्हा सरळ कसा होतो? त्यासाठी जोडी लागते. दंडाच्या पुढच्या बाजूला जी बेटकुळी येते तो स्नायू कोपर वाकवतो. दंडाच्या मागचा स्नायू कोपर सरळ करतो. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो.

आत्ता करून बघा. डावा हात उजव्या दंडावर ठेवा आणि उजवा हात वाकवा. पुढचा भाग टणक होतो, मागचा मऊ राहतो. आता तळहाताने टेबल खाली दाबा. पुढचा मऊ, मागचा टणक. आपण भिंत "ढकलतो" तेव्हाही आत कुठलातरी स्नायू ओढतच असतो.

आदेश ते हालचाल: आत नेमकं काय होतं?

समजा तुम्हाला स्क्रोल करायचंय. मेंदूतून अंगठ्यापर्यंत काय घडतं ते टप्प्याटप्प्याने पाहू:

१. मेंदूच्या हालचाल ठरवणाऱ्या भागातून विद्युत संदेश निघतो आणि मज्जारज्जूमार्गे हातात येतो. हे संदेश सेकंदाला ५० मीटरहून जास्त वेगाने जातात.

२. मज्जातंतूच्या टोकाशी एक रसायन बाहेर पडतं आणि ते स्नायूच्या तंतूला "चालू हो" असं सांगतं.

३. स्नायूच्या तंतूत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं. म्हणजे कॅल्शियम फक्त हाडांसाठी नाही, प्रत्येक हालचालीचा स्विचही तेच आहे.

४. तंतूच्या आत दोन प्रकारचे अतिसूक्ष्म धागे असतात, ॲक्टिन आणि मायोसिन. मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. रस्सीखेच खेळताना आपण हात बदलत बदलत दोर ओढतो, अगदी तसं.

५. धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखूड होतो. कंडरा ओढली जाते, हाड हलतं आणि स्क्रीनवर पुढची पोस्ट येते.

धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवर सरकतात, ही कल्पना १९५४ मध्ये मांडली गेली. विशेष म्हणजे एकाच वेळी दोन वेगळ्या गटांनी. एका गटात अँड्र्यू हक्सली आणि दुसऱ्यात ह्यू हक्सली होते, आणि आडनाव एकच असलं तरी ते एकमेकांचे नातेवाईक नव्हते!

या कामाला इंधन लागतं एटीपी नावाच्या रेणूचं. आणखी एक आश्चर्य म्हणजे एटीपी फक्त ओढायला नाही, सोडायलाही लागतं. म्हणून मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होतं. एटीपी संपलेलं असतं आणि मायोसिनची पकड सुटत नाही.

बारीक काम आणि ताकदीचं काम यातला फरकही इथेच आहे. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एक मज्जातंतू जेमतेम दहा-पंधरा तंतू सांभाळतो, म्हणून ही ओळ वाचताना तुमची नजर अक्षरावर अचूक थांबते. पोटरीच्या मोठ्या स्नायूत एका मज्जातंतूकडे हजाराहून जास्त तंतू असतात. तिथे अचूकता कमी, पण जोर भरपूर.

तरफेचं गणित: २०० ग्रॅमचा फोन जड का होतो?

शाळेत तरफ शिकलात ना? टेकू, बल आणि भार. शरीरात तिन्ही प्रकारच्या तरफा आहेत:

- टेकू मध्ये, कात्रीसारखी: मान. टेकू मणक्यावर, पुढे डोक्याचा भार, मागे मानेच्या स्नायूंचा जोर.
- भार मध्ये, अडकित्त्यासारखी: पाऊल. चवड्यावर उभं राहताना टेकू चवड्यावर, भार मध्ये घोट्यावर आणि पोटरी मागून टाच वर ओढते.
- बल मध्ये, चिमट्यासारखी: कोपर. टेकू कोपरात, बेटकुळीचा स्नायू थोड्याच अंतरावर जोडलेला आणि भार लांब तळहातात.

आता गणित करू. कोपर काटकोनात वाकवून फोन धरलाय. फोन २०० ग्रॅम, कोपरापासून ३५ सेंटिमीटर लांब. स्नायू कोपरापासून साधारण ४ सेंटिमीटरवर जोडलेला धरू. मग २०० × ३५ ÷ ४ = १७५० ग्रॅम. म्हणजे पावशेराहूनही हलक्या फोनसाठी स्नायूंना पावणेदोन किलोचा जोर लावावा लागतो. त्यात कोपरापुढच्या हाताचं स्वतःचं वजन मिळवा. ते सव्वा किलो आणि त्याचा मध्य १६ सेंटिमीटरवर धरला, तर आणखी ५ किलो. एकूण पावणेसात किलो! आणि हे तुम्ही पूर्ण एपिसोड संपेपर्यंत धरून ठेवता.

ही रचना तोट्याची वाटते, पण फायदा वेगात आहे. स्नायू १ सेंटिमीटर आखूड झाला की तळहात जवळपास ९ सेंटिमीटर हलतो. चेंडू फेकणं, कबड्डीत झटकन हात मारणं हे त्यामुळेच जमतं. शरीराने इथे जोर देऊन वेग विकत घेतलाय.

अंगठ्याची कहाणी

तुमच्या बोटांच्या आत बोटं हलवणारे स्नायू नाहीतच! बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात. तिथून लांब कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या. कोपराखाली हात धरून बोटं हलवा, आत हालचाल जाणवेल.

एक छोटा प्रयोग करा. तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि बाकीची बोटं टेकलेली राहू द्या. आता एकेक बोट उचला. अंगठा उठेल, तर्जनी उठेल, करंगळी उठेल, पण अनामिका उठणार नाही. कारण हाताच्या मागच्या बाजूला तिची कंडरा शेजारच्या कंडरांशी पट्ट्यांनी जोडलेली आहे.

अंगठ्याला मात्र आठ प्रमुख स्नायू आहेत. चार तळहातातल्या गुबगुबीत भागात आणि चार कोपराखाली. मूठ पकडणं, पेन धरणं, घास घेणं यासाठी तो उत्तम आहे. पण मोठ्या फोनवर एका हाताने वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा ताणणं हे त्याचं रोजचं काम नव्हतं. अंगठा बाहेर ओढणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून जातात. तेच तेच घासलं गेलं की तिथे सूज येते आणि अंगठा हलवताना कळ येते. या दुखण्याला डी क्वेर्वां यांचं नाव आहे. या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. म्हणजे दुखणं फोनपेक्षा खूप जुनं आहे. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांमध्येही ते दिसतं.

उपाय साधा आहे: एका हातात फोन धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टाइप करा. लांब मजकूर असेल तर सरळ व्हॉइस टायपिंग वापरा, मराठीत ते आता चांगलं चालतं. आणि कीबोर्डमध्ये एका हाताचा मोड असतो, तो एकदा चालू करून बघा.

मान खाली: वजन वाढतं की जोर?

आपलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. त्याचा गुरुत्वमध्य मानेच्या टेकूच्या थोडा पुढे येतो, म्हणून सरळ बसलो तरी मानेमागचे स्नायू थोडे थोडे ओढून धरत असतात. एसटीत किंवा लोकलमध्ये झोप लागली की डोकं पुढे कसं पडतं? स्नायू सैल पडतात म्हणून.

मान जितकी पुढे झुकते तितका डोक्याचा भार टेकूपासून लांब जातो आणि स्नायूंना तितकं जास्त ओढावं लागतं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये कॉम्प्युटर मॉडेल वापरून मानेवर येणाऱ्या जोराचा हिशोब मांडला. त्यातले आकडे असे:

- मान सरळ: सुमारे ५ किलो
- १५ अंश खाली: सुमारे १२ किलो
- ३० अंश: सुमारे १८ किलो
- ४५ अंश: सुमारे २२ किलो
- ६० अंश: सुमारे २७ किलो

हे आकडे व्हॉट्सॲपवर खूप फिरतात, "मोबाइलमुळे मणका मोडतो" अशा मथळ्यांसकट. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. एक, डोकं जड होत नाही, स्नायूंवरचा जोर वाढतो. दोन, हा मॉडेलमधला हिशोब आहे, आणि मान खाली घालणं हा काही गुन्हा नाही. भाकरी थापताना, शिवणकाम करताना, भात लावताना माणसं कायम मान झुकवत आली आहेत. खरा प्रश्न कोनापेक्षा वेळेचा आहे.

काहीच न करता का दुखतं?

चालताना स्नायू आकुंचन पावतो, सैल होतो, पुन्हा आकुंचन पावतो. प्रत्येक वेळी तो आतलं रक्त पिळून पुढे ढकलतो आणि नवीन रक्त आत येतं. पोटरीला तर "दुसरं हृदय" म्हणतात, कारण ती पायातलं रक्त वर ढकलते.

पण स्नायू एकाच स्थितीत धरून ठेवला की त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबलेल्या राहतात. ऑक्सिजन कमी मिळतो, नको असलेले पदार्थ साचतात आणि दुखायला लागतं. म्हणून दोन तास बाजारात फिरून मान दुखत नाही, पण दोन तास रील्स बघून दुखते. "सरळ बसा" यापेक्षा "बसण्याची पद्धत बदलत राहा" हा सल्ला मला जास्त पटतो.

फोन आपली पावलं कशी मोजतो?

आता थोडं आपल्या नेहमीच्या विषयाकडे. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्या आत सिलिकॉनचा केसाहून बारीक स्प्रिंगवर टांगलेला एक सूक्ष्म तुकडा असतो. फोन हलला की तुकडा किंचित सरकतो, विद्युत मोजमाप बदलतं आणि फोनला हालचाल कळते. चालताना टाच जमिनीवर पडली की ठरावीक लयीत धक्का येतो. सॉफ्टवेअर ही लय ओळखून पावलं मोजतं. खडबडीत रस्त्यावर बाइकवरून जाताना कधीकधी उगाच पावलं वाढतात ती याच कारणाने.

आपल्या शरीरातही असे सेन्सर आहेत. स्नायूंत आणि कंडरांत ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते आणि ती मेंदूला सतत कळवते, की हात कुठे आहे, गुडघा किती वाकलाय. डोळे मिटून बोट नाकाला लावा. न बघता बरोबर लागलं ना? ते या सेन्सरमुळे.

आणि १०,००० पावलांचा आकडा आला कुठून? १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून! त्या नावाचा अर्थच "दहा हजार पावलं मोजणारं" असा होता. म्हणून १०,००० झाली नाहीत तर दिवस वाया गेला असं अजिबात नाही.

तुमच्या वयात हे का महत्त्वाचं?

हाडांचं बँक खातं समजा. लहानपणापासून साधारण पंचविशी-तिशीपर्यंत या खात्यात जमा जास्त होते. त्यानंतर जमा-खर्च काही वर्षं सारखा राहतो आणि पुढे खर्च वाढतो. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर तो जास्त वेगाने वाढतो. साठीत पडल्यावर हाड मोडेल की नुसतं खरचटेल, हे ठरण्यात आज केलेल्या बचतीचा मोठा वाटा असतो. तुम्ही विशीत असाल तर खातं भरायची खिडकी अजून उघडी आहे, आणि ती नंतर पुन्हा उघडत नाही.

काय करायचं?

- हाडांवर भार येऊ द्या: चालणं, धावणं, दोरीवरच्या उड्या, जिने, कबड्डी, खो-खो, जोर-बैठका. मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं.
- जेवण: १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. दूध, दही, तीळ, राजगिराही चांगले. स्नायूंसाठी डाळी, उसळी, अंडी, मासे.
- ऊन: कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून तयार होतं.
- टायमर: फोनमध्येच अर्ध्या तासाचा रिमाइंडर लावा. वाजला की उठा, खांदे फिरवा, पाणी प्या.
- फोन वर आणा: कोपर उशीवर किंवा टेबलावर टेकवा. मान कमी झुकते.

हाताला मुंग्या येणं, बधिरपणा, पकड ढिली होणं किंवा रात्री झोपमोड करणारी दुखणी असतील तर व्हिडिओ बघून व्यायाम करू नका. डॉक्टरांना दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बोटं मोडल्याने संधिवात होतो का?
तसा पुरावा मिळालेला नाही. आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी संबंधित असतो, हाड मोडल्याचा नसतो. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनी सुमारे ६० वर्षं फक्त एकाच हाताची बोटं मोडली. दोन्ही हातांत काही फरक पडला नाही आणि २००९ मध्ये त्यांना गमतीदार संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं. त्यामुळे आजी दृष्ट काढताना कानशिलावर कडाकडा बोटं मोडते, ती मोडू द्या.

जिमच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिडमुळे का?
नाही. ते व्यायामानंतर साधारण तासाभरात निघून जातं. दुसऱ्या दिवसाचं दुखणं स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे आणि त्यांच्या दुरुस्तीमुळे असतं.

व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते का?
नाही. दोन्ही पेशी वेगळ्या आहेत, एकीची दुसरी होत नाही. व्यायाम बंद झाल्यावर स्नायू बारीक होतात आणि खाणं तेवढंच राहिलं तर चरबी वेगळी वाढते.

जिराफाच्या मानेत किती मणके असतात?
सात! आपल्याएवढेच. फक्त प्रत्येक मणका खूप लांब असतो.

तर मित्रांनो, आजच्या लेखात आपण पाहिलं, की हाडं भार पेलतात, सांधे दिशा ठरवतात, स्नायू ओढतात आणि हे सगळं वापरावर टिकतं. माहिती आवडली असेल तर तुमच्या त्या मित्राला पाठवा जो दिवसभर मान खाली घालून गेम खेळतो. आणि हा लेख संपलाच आहे, तर फोन बाजूला ठेवा, उभे राहा आणि घरातल्या घरात एक चक्कर मारून या.